काठवटीवरचा ठेका

नंदुरबार,
९ फेब्रुवारी १९३८

तीर्थस्वरूप भिलाभाऊंस धनूचा साष्टांग नमस्कार.

काम असल्याशिवाय धनू पत्र लिहीत नाही, असे तुम्ही वहिनीला म्हणता ते माझ्या कानावर आले आहे. खरेच आहे. आजही काम आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणाच्याने होणार नाही.

आमच्या दवाखान्यात धानोऱ्याचा हिलाल नावाचा गुळव्या आहे. गुऱ्हाळावर काहील उतरवताना उकळता पाक त्याच्या उजव्या हातावर सांडला. बोटांपासून कोपरापर्यंत कातडी निघून आली. दिवसाआड पट्टी बदलावी लागते आणि त्याच वेळी एकेक बोट धरून उघडावे लागते. ते केले नाही तर जखम भरताभरता हात मुठीसारखा आवळून बसेल आणि जन्मभर तसाच राहील. गुळव्याचा उजवा हात गेला म्हणजे काय गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पट्टीची परात दिसली की हा एवढा आडदांड माणूस असा ओरडतो की पलीकडच्या दालनातल्या बायाही रडू लागतात.

पुण्याला मी नर्सिंग शिकत होते तिथे एक म्हातारे गृहस्थ दर गुरुवारी दिलरुबा घेऊन येत आणि रोग्यांच्या खाटांमध्ये बसून वाजवत. औषधाने न झोपलेली माणसे झोपलेली मी पाहिली आहेत. तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्याकडेही हे व्हावे. दिलरुबा इकडे कुठला? पण कोरीटची भजनी मंडळी आहे आणि तिचा मृदंग तुमच्या गळ्यात आहे. डॉक्टरसाहेबांच्या मागे महिनाभर भुणभुण लावली तेव्हा कुठे त्यांनी एका दुपारची परवानगी दिली. १९ तारखेला शनिवारी मंडळी घेऊन या. पुरुषांचे आणि बायकांचे अशी दोन दालने आहेत, मधल्या ओसरीत बसलात की दोन्हीकडे ऐकू जाईल.

ज्यांनी विधवा चुलत बहिणीला पुण्याला शिकायला जाता यावे म्हणून गाडी जुंपून स्टेशनावर सोडले आणि गावाची बोलणी खाल्ली, ते एवढ्यासाठी नाही म्हणणार नाहीत.

तुमची,
धनू

*

कोरीट,
१३ फेब्रुवारी १९३८

चि. धनूस भिलाभाऊचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. येतो. त्यात विचारायचे काय? कोरीटच्या मंडळीने आजवर कोणाच्या बोलावण्याला नाही म्हटलेले नाही. कपाशीची वेचणी असो की लेकीचे लग्न असो, निरोप आला की टाळ खांद्याला.

कोणासाठी, ते तू मोकळे लिहिले नाहीस. मीही विचारत नाही. अशा वेळी नाव विचारायचे नसते. परक्या गावात, दवाखान्यात, आपले माणूस जवळ नसताना कोणाला तरी चार अभंग मिळावेत असे तुला वाटले, हे वाचून तुझ्या वहिनीने डोळ्याला पदर लावला.

रेवजीआबा स्वतः वीणा घेऊन येत आहेत. नवल गायला, नथ्थू आणि बाकीचे टाळांना. गुलाल आणि बुक्का आम्ही घेऊन येऊ, तू खटपट करू नकोस. मृदंगाला परवाच नवी शाई भरून आणली आहे. वारा बरा असला तर धानोऱ्यापर्यंत ऐकू जातो. तुझ्या दोन दालनांची काय कथा!

भिला

*

नंदुरबार,
२१ फेब्रुवारी १९३८

तीर्थस्वरूप भिलाभाऊंस नमस्कार.

तुम्ही शनिवारी रागाने गाडीत बसून निघून गेलात, म्हणून जे बोलायचे राहिले ते लिहिते आहे. आधी थोडे पाणी प्या.

गुलाल-बुक्का आणतो असे तुम्ही लिहिले तेव्हाच मला उमगायला हवे होते. मी समजले, देवाचे नाव घ्यायचे म्हणून आणत असतील. पुण्यात राहून मी साफ विसरले, की आपल्याकडे एकादशी नसताना मंडळी टाळ घेऊन दारात आली तर त्याचा अर्थ एकच होतो. लहानपणी मीच तुमचा मृदंग ऐकून आईला विचारायची, आज कोण गेले म्हणून. तेव्हा चूक माझी. तुम्ही तर प्रेताला पोचवायच्या तयारीनेच आलात!

पण भाऊ, तुम्ही आत काय झाले ते पाहिले नाहीत. तुमचे डोळे मिटलेले होते. पहिला ठेका पडला, टाळ वाजले आणि हिलाल ताडकन उठून बसला. "कोन मरनं वं बाई?" त्याच्या शेजारचा पोटदुखीचा म्हातारा म्हणाला, "मी ते जित्ता शे ना आजून!" मग सगळे रोगी माना वळवून एकमेकांकडे पाहू लागले, की गेला तो कोणता. प्रकाशा गावचा एक माणूस सलाइनची नळी हातात घेऊन दरवाजापर्यंत पळाला. बायकांच्या दालनात दाराजवळच्या खाटेवर दगूबाई नावाची म्हातारी आहे, छातीच्या दुखण्याची. तिच्याभोवतीच्या बायांनी ठरवून टाकले की मंडळी हिच्यासाठीच आली, आणि त्यांनी गळा काढला. तेवढ्यात डॉक्टरसाहेब आले आणि त्यांनी अर्ध्या अभंगात तुम्हाला हात धरून उठवले. पुढचे तुम्हाला ठाऊक आहे.

मला आज हसू येते आहे. शनिवारी आले नाही. डॉक्टरसाहेब म्हणाले, पुन्हा दवाखान्यात टाळ दिसले तर मला नोकरीवरून काढतील. मी म्हटले, टाळ नाही दिसणार. मृदंगाचे काय?  शेवटी एवढ्यावर तोडले: एकच माणूस, पट्टीच्या वेळेपुरता, फक्त हिलालजवळ. दुसऱ्या एका रोग्याने जरी तक्रार केली की खेळ बंद.

तो एक माणूस तुम्ही. गुलाल घरी ठेवा. कसे वाजवायचे ते मी सांगेन.

धनू

*

कोरीट,
२५ फेब्रुवारी १९३८

चि. धनूस आशीर्वाद.

कसे वाजवायचे ते तू सांगणार. हे वहिनीला दोनदा वाचून दाखवले, कारण मला वाटले माझ्या वाचण्यात काही चुकते आहे. जिचे नाक पुसत मी तिला कडेवर घेऊन सप्ताहाला नेत असे, ती मला मृदंग शिकवणार! कलियुग म्हणतात ते हेच.

तुझ्या डॉक्टरला एक समजत नाही. अभंग अर्धा टाकून उठायचे नसते. अंगावर वीज पडली तरी शेवटचा चरण म्हणून, समेवर येऊन मगच उठायचे. कोरीटच्या मंडळीने आजवर एकही अभंग अर्धा टाकला नव्हता. रेवजीआबांनी त्या दिवसापासून दोन दिवस अन्न घेतले नाही. कोणासाठी वाजवत होतो तेही ठाऊक नाही, म्हणून तो पुरा तरी कुठे जाऊन करावा, असे ते म्हणतात. मला काही बोलत नाहीत, हेच जास्त लागते.

ते असो. तो धानोऱ्याचा गुळव्या ओरडला तेव्हा मी डोळे उघडले होते. त्याच्या हाताकडे पाहिले. नसते पाहिले तर बरे झाले असते.

सोमवारी येतो. शिकवून तर बघ.

भिला

*

नंदुरबार,
१२ मार्च १९३८

तीर्थस्वरूप भिलाभाऊंस नमस्कार.

काल तुम्ही माझ्याशी न बोलता गेलात, पण मी खूश आहे. पाच वेळा आलात आणि पाचही वेळा भांडलात. असा हट्टी विद्यार्थी पुण्याला आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनासुद्धा मिळाला नसेल.

मृदंगावर धोतर टाकून वाजवायला तुम्ही तयार झालात, तो पहिला गड सर झाला. दुसरे, अभंगाचा ठेका सोडून मोटेचा ठेका धरलात. तो तुम्हाला सुचला, मला नव्हे, हे मी डॉक्टरसाहेबांनाही सांगितले. बैल उताराला लागले की नाडा ताणतो, बैल मागे आले की सैल पडतो. नाडा ताणताना हिलालचे बोट उघडायचे, सैल पडताना सोडायचे. त्यानेही जन्मभर मोट हाकलेली आहे. अंग आपोआप त्या लयीत जाते आणि ओरडायला सवडच उरत नाही. परवा त्याची करंगळी आणि शेजारचे बोट यांच्यात ज्वारीचे धाट मावेल एवढी फट पडली. तो स्वतःच बघत बसला.

पण भाऊ, रोगी थांब म्हणाला की थांबायचे, यावर मी अडून आहे. काल तो "थांब ना रे बाबा!" म्हणून ओरडला आणि तुम्ही समेपर्यंत वाजवतच गेलात. तुम्ही म्हणालात, हात थांबत नाही, मध्येच सोडला तर लंगडे जनावर सोडल्यासारखे वाटते. वाटू दे. सभेत सम तुमची असेल, इथे ती रोग्याची आहे. तो जिथे थांब म्हणतो तिथे सम. त्याला एकदा कळले की आपल्या शब्दावर हा माणूस थांबतो, की तो आपणहून थोडे जास्त सोसेल. हे मी पुस्तकातले सांगत नाही, इतक्या जणांच्या जखमा धुतल्यावर सांगते आहे. तेव्हा घरी बसून मध्येच थांबण्याचा सराव करा. वहिनीला थांब म्हणायला सांगा, तिला आवडेल.

दगूबाईची तुम्ही चौकशी करत होता. तिची काळजी करू नका, तिचा त्रास आता राहिलेला नाही.

धनू

*

कोरीट,
२० मार्च १९३८

चि. धनूस आशीर्वाद.

गव्हाची कापणी जोरात आहे. मजूर मिळत नाहीत. मृदंगाची पुडीही फाटली आहे, ती भरायला टाकली आहे. या आठवड्यात येणे होत नाही. पुढच्याचेही सांगवत नाही.

तुझ्या वहिनीचा आशीर्वाद.

भिला

*

नंदुरबार,
२८ मार्च १९३८

भिलाभाऊ,

तुमचे चार ओळींचे पत्र मी जपून ठेवले आहे. धानोऱ्यापर्यंत ऐकू जाणारा माणूस एकदम एवढा बारीक कसा झाला, ते मला समजून घ्यायचे आहे.

गहू कापायला तुम्ही एकटे आहात का? पुडी फाटली तर नंदुरबारात दुसरी मिळत नाही का? तुम्हाला खरे काय बोचते ते मी सांगते. धोतर टाकलेला मृदंग वाजवायची लाज वाटते. समोर मान डोलवणारे कोणी नाही, वाहवा नाही, एक ओरडणारा रोगी आणि तुमच्यावर डाफरणारी एक चुलत बहीण. कंटाळा आला असेल तर तसे लिहा. खोटे लिहू नका.

तुम्ही आला नाहीत त्या पहिल्या दिवशी हिलालने वाट पाहिली. दुसऱ्या वेळी पट्टी करू दिली, पण बोटांना हात लावू दिला नाही. तिसऱ्या वेळी पट्टीही नको म्हणाला. ज्वारीचे धाट मावत होते त्या फटीत आता काडीही जात नाही. काल त्याचा भाऊ आला होता. "चाल घर. आठे मराले ठेवू का तुले?" येत्या शुक्रवारी तो गाडी घेऊन येणार आहे. डॉक्टरसाहेब म्हणतात, जखम अजून ओली आहे, घरी शेण-माती लागली तर हात तर गेलाच, विष अंगात भिनले तर माणूसही जाईल. आम्ही बळजबरीने कोणाला बांधून ठेवू शकत नाही.

माझे सर्व सांगून झाले. तो ऐकत नाही. एकदाच म्हणाला, "तो कोरीटना मृदंगवाला आता येवाव नई का?"

शुक्रवारी गाडी येईल. तुम्ही येता की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.

धनू

*

कोरीट,
३० मार्च १९३८

धनू,

तुझे पत्र वाचून माझे डोके फिरले. लाज वाटते म्हणे! आता ऐक. हे लिहायचे नव्हते, तूच लिहायला लावलेस.

मृदंगाची पुडी फाटलेली नाही. मृदंग माझ्याकडे नाही. तो देवळाचा आहे, माझ्या बापाचा नाही. रेवजीआबांनी आणि पंचांनी तो माझ्या घरून नेऊन देवळात कुलपात ठेवला. का, विचार. तुझी ती दगूबाई आमच्या फेरीनंतर चार दिवसांत गेली. तू मला लिहितेस, तिचा त्रास राहिलेला नाही! मला काय कळत नाही? बाजारात पोरेटोरे बोलतात, कोरीटची मंडळी ज्याच्यासमोर वाजवते तो माणूस जातो. शिंदे गावच्या एका घरी दर वर्षी एकादशीच्या भजनाचे आम्हाला बोलावणे असते, त्यांनी निरोप पाठवला की येऊ नका. मंडळीचे नाव गेले. आणि तरीही मी धोतर टाकून तोच मृदंग दवाखान्यात नेत होतो, म्हणून गावाने काढून घेतला. आबा म्हणाले, देव आणि मयत या दोहोंखेरीज हा मृदंग कोणापुढे वाजणार नाही.

म्हातारी माझ्या ठेक्याने गेली का, हे मला रात्रंदिवस छळते आहे. तू नर्स आहेस, तू हसशील. पण मी वाजवत होतो आणि ती तिथे होती. तू मला तोंडावर सांगितले असतेस तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. लपवलेस, म्हणून मला वाटले की तुलाही तसेच वाटते.

आता दुसरे ऐक. इतके दिवस मी बसून नाही. वहिनीची पीठ मळायची काठवट पालथी घालून तुझा तो मध्येच थांबण्याचा सराव चालू आहे. तुझी वहिनी म्हणते, "काठवट मन्ही शे, मृदंग नई. भाकरीनं पीठ कसामा मयू, तुम्हना पगडीमा?" तरी ती थांब म्हणते आणि मी थांबतो. आता दहापैकी आठ वेळा थांबतो.

मृदंगिया काठवट घेऊन दवाखान्यात जाणार, हे पाहून लोक काय म्हणतील म्हणून पाय उचलत नव्हता. ती लाज मात्र खरी होती. तो माझी वाट बघत होता हे वाचले आणि ती गेली.

शुक्रवारी गाडीच्या आधी येतो. त्याच्या भावाला चहा देऊन बसवून ठेव.

भिला

*

नंदुरबार,
३ एप्रिल १९३८

तीर्थस्वरूप भिलाभाऊंस धनूचा साष्टांग नमस्कार. या खेपेचा नमस्कार खरोखरचा, पायांवर डोके ठेवून.

माझी जीभ फार चालली. क्षमा करा असे मी लिहिणार होते, पण शुक्रवारी तुम्ही काठवट बगलेत मारून दरवाजातून आलात तेव्हाच तुमचे तोंड पाहून समजले की ते मिटले आहे.

तुम्ही खाटेशी बसलात तेव्हा हिलाल काय म्हणाला ते सगळ्या दवाखान्यात पसरले आहे. "हाई काय लयनात बाबा? आठे भाकरी थापशात का?" किती दिवसांनी तो हसला! त्याचा भाऊ गाडीचा दोर हातात धरून उभा होता. तुम्ही कोणाला काही समजावले नाहीत, सरळ मोटेचा ठेका धरलात. काठवटीचा आवाज किती मऊ येतो, भाऊ! मृदंगाला धोतर गुंडाळून आपण जे करू पाहत होतो ते तिच्यात आधीच होते. मी पट्टी सोडली. अंगठा उघडताना त्याने दात खाल्ले आणि "थांब" म्हणाला, आणि तुम्ही थांबलात. बोटे हवेत तशीच. समेला दोन मात्रा उरल्या होत्या, मी मोजत होते. तुमच्या कपाळावर घाम आला. हिलालने एक श्वास घेतला, तुमच्याकडे बघितले आणि स्वतः म्हणाला, "चालू दे." त्यानंतर तो "थांब" म्हणालाच नाही.

त्याच्या भावाने गाडी रिकामी नेली. जाताना मला म्हणाला, घरी आईला काय सांगू? मी म्हटले, सांग की मोट चालू आहे.

आता दगूबाईचे. मी लपवले ते तुम्ही दुखावून थांबाल म्हणून, दुसरे काही नाही. तिच्या छातीत पाणी झाले होते. ती फाल्गुन पाहणार नाही हे डॉक्टरसाहेबांनी तुम्ही यायच्या आधीच सांगितले होते. तुमच्या ठेक्याने ती गेली नाही, हे मी देवाची शपथ घेऊन लिहिते.

पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या शनिवारी सगळ्या बाया रडत होत्या, दगूबाई रडत नव्हती. तिला मूलबाळ नाही, भाऊबंद नाहीत, गाव सुटलेले. तुम्ही उठून गेल्यावर तिने मला जवळ बोलावले. "ती मंडयी मन्हासाठेच उनथी ना? मंग अर्धामाच काबरं उठी गयी?" तिला वाटत होते, आपल्यासाठी कोण टाळ वाजवणार, आणि मंडळी जिवंतपणीच दारात आली म्हणून तिला आनंद झाला होता. चार दिवस ती रोज हेच विचारत होती. मी म्हणाले, येतील, पुरा करायला येतील. ती गेली तेव्हा दवाखान्याच्या माणसांनी नदीकाठी अग्नी दिला. टाळ नव्हते. तुम्हाला बोलवायला मला तोंड नव्हते.

मी सगळ्यांसाठी एकच गोष्ट ठरवून टाकली होती आणि कोणाला काय हवे ते विचारलेच नाही. तुम्हाला थांबायला शिकवले, मला हे शिकायचे राहिले होते. आता रोज सकाळी खाटेखाटेशी जाऊन विचारते: ऐकायचे का, काय ऐकायचे, की नको.

धनू

*

कोरीट,
६ जून १९३८

चि. धनूस अनेक आशीर्वाद.

भेट होतच असते, म्हणून इतके दिवस लिहिले नाही. पण आजचे लिहूनच कळवायला हवे.

तुझे ते एप्रिलचे पत्र मी दोन महिने खिशात घेऊन फिरलो. आबांना वाचून दाखवायचा धीर होत नव्हता. काल एकादशीला देवळात मंडळी बसली होती. मला मृदंग नाही, म्हणून मी मागे खांबाला टेकून बसतो. भजन संपल्यावर उभा राहिलो आणि म्हणालो, माझे नका ऐकू, हे ऐका. दगूबाईचे जेवढे होते तेवढे वाचले.

आबांनी गळ्यातली वीणा उतरवून ठेवली. मग म्हणाले, "म्हतारी वाट दखत मरनी, अन आपला अभंग आजून अर्धाच शे. हाई कोरीटना माथावर नको." माणूस मेला म्हणून मृदंग कुलपात घातला होता धनू, आणि तो मेलेल्या माणसाचा अभंग राहिला म्हणून बाहेर निघाला. आबांनी स्वतः किल्ली काढली, मृदंग माझ्या गळ्यात घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मी मरसू तवय जोरबन वाजाड. पन दवाखानामा पडनू ते काठवट लई ये, अन आस्ते वाजाड." नवल आणि नथ्थू आता विचारतात, आम्हालाही थांबायला शिकव. मी म्हटले, माझी गुरू फार खाष्ट आहे, सोसेल का बघा.

येत्या रविवारी, पेरणीच्या आधी, मंडळी नदीकाठी येते आहे. पहिल्या चरणापासून नव्हे, जिथे सोडला होता तिथूनच उचलू, असे आबा म्हणतात. टाळकरी एक कमी आहे. हिलालला विचार. त्याची इच्छा असेल तरच.

आणि डॉक्टरसाहेबांना आधी सांगून ठेव, नाहीतर पुन्हा हात धरून उठवतील.

भिला

*

नंदुरबार,
१३ जून १९३८

तीर्थस्वरूप भिलाभाऊंस साष्टांग नमस्कार.

नदीकाठी काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे काय झाले ते मी लिहिते, कारण मी ड्यूटी सोडून येऊ शकले नाही.

काल सकाळीच मी प्रत्येक खाटेशी जाऊन सांगितले होते, की आज कोरीटची मंडळी मोठ्याने वाजवणार आहे आणि ती कोणासाठी. ज्याला नको असेल त्याची खाट मागच्या खोलीत नेते. कोणीच हलले नाही. पहिला ठेका वाऱ्यावर आला. थोड्या वेळापूर्वीच दाखल झालेली एक बाई घाबरून विचारू लागली, "कोन मरनं?" पोटदुखीचा म्हातारा अजून आमच्याकडेच आहे. तोच म्हणाला, "आपली दगूबाई. तिनं ऱ्हायेल शे, ते पुरं करी ऱ्हायनात." डॉक्टरसाहेब तपासणी थांबवून ओसरीत उभे राहिले. शेवटचा चरण झाला, तुम्ही समेवर आलात, आणि भाऊ, मी त्या दाराजवळच्या खाटेवर बसून मनसोक्त रडले. आता तिथे दुसरी बाई आहे. तिने सरकून मला जागा दिली.

संध्याकाळी हिलाल नदीवरून टाळ वाजवून परत आला आणि सरळ डॉक्टरसाहेबांच्या टेबलाशी गेला. काही बोलला नाही. उजवा हात पुढे केला आणि उघडला. पुरा उघडला, पाचही बोटे. नव्या गुलाबी कातडीवर टाळाच्या दोरीचा लाल वळ उठला होता. डॉक्टरसाहेबांनी भिंग लावून पाहिले, म्हणाले, दुखते का? हिलाल म्हणाला, "दुखस ना साहेब. दुखू द्या."

उद्या तो धानोऱ्याला जाणार. पण बुधवारी परत येतो म्हणतो, पट्टीसाठी नव्हे. एक मुलगी चुलीवर भाजून आली आहे, मंगलाबाई नाव, हात धरू देत नाही. मी तिला विचारले काय ऐकशील. ती म्हणाली, मोट नको, जात्यावरचे हवे.

तेव्हा या खेपेला वहिनीला घेऊन या. आणि काठवट तिलाच विचारून आणा.

तुमची,
धनू